लखी रुपयाची चोरी

त्या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, तरी दुकानदाराने हातावर सुटा रुपया ठेवला की मी तो आजही उलटून पाहतो. बायको हसते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका रुपयाच्या चोरीने जेवढं अडकवून ठेवलं तेवढं दुसऱ्या कशाने ठेवलं नाही.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रमुख होतो. धानाची मळणी संपत आली होती आणि राईस मिलच्या कोंड्याची धूळ ठाण्याच्या टेबलावरही बसत असे. सकाळची हजेरी आटोपली होती. आमचे हवालदार, त्याच भागातले मुरलेले गृहस्थ, हसू दाबत माझ्या खोलीत आले.

"साहेब, मिलवाले शेठजी आले आहेत. एक रुपया चोरीले गेला म्हनते."

"एक रुपया?"

"हो जी. मीबी दोनदा इचारलं."

शेठजी साठीच्या आतबाहेरचे, गावात मान असलेले. सोबत नागपूरचे त्यांचे मित्र होते. त्यांचं तिथे जुन्या नाण्यांचं दुकान होतं. शेठजींनी पारदर्शक प्लास्टिकच्या डबीतलं एक नाणं टेबलावर ठेवलं. जुना जाड रुपया. एका बाजूला नेहमीसारखा एकाचा आकडा, दोन्हीकडे कणसं, खाली साल. उलटून पाहिलं तर सिंहांच्या जागी पुन्हा तेच चित्र, फक्त आत खचलेलं आणि आरशात दिसावं तसं उलटं.

"याला लखी म्हणतात," मित्र म्हणाले. "टाकसाळीत चूक होऊन असं नाणं पडतं. लाखात एखादं, म्हणून लखी. व्यापारी लोक गल्ल्यात ठेवतात, बरकत येते म्हणतात. शौकीन लोक तर वाट्टेल ती किंमत देतात."

"मग चोरीला काय गेलं? नाणं तर समोर आहे."

"हे ते नाही ना साहेब! मी शेठला अस्सल लखी दिलं होतं. हे नकली आहे. कोणीतरी डबी उघडून अदलाबदल केली."

हकीकत अशी होती. शेठजींना तरुणपणापासून नाण्यांचा नाद. त्यातही टाकसाळीच्या चुका असलेल्या नाण्यांचा: चित्र एका बाजूला सरकलेलं, छाप दोनदा बसलेला, कड नसलेली. काही वर्षांपूर्वी याच मित्राकडून विकत घेतलेलं हे लखी त्यांच्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं. नागपूरच्या एका प्रदर्शनात ते मांडायला गेले, तर तिथल्या जाणकारांनी 'हे बनावट आहे' म्हणून चारचौघांत परत केलं. शेठजी तसेच मित्राच्या दुकानात गेले. मित्राने भिंगाखाली पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "शेठ, घरी कोण येतं-जातं?"

घरी शेठजी, त्यांच्या पत्नी आणि धुणीभांडी, झाडलोट करणारी एक बाई. मुलगी लग्न होऊन अमरावतीला. कपाटाचं कुलूप शाबूत, किल्ली देवघरात. बाहेरचं माणूस एकच.

किंमत मोठी होती, फिर्यादी जबाबदार होता. गुन्हा नोंदवला, नाणं मुद्देमाल म्हणून जप्त केलं, घराचा पंचनामा केला.

बाई शेजारच्या तलावाकाठच्या गावातली. घरचे लोक ढिवर, तलावात मासे धरणारे. नवरा पहाटे डोंगा घेऊन पाण्यात, ही सकाळी शेठजींकडे, उरलेल्या वेळात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासोळी विकायला. आम्ही गावात गेलो तेव्हा पोलीस गाडी पाहून सगळं गाव तिच्या दारात जमलं. महिला शिपायाने पंचांसमोर घर पाहिलं. जाळी, हंडे, धानाची कोठी. नाणं मिळालं नाही. बाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिची जाऊ शेजारच्या ओसरीवरून सगळं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला जबाबासाठी बोलावलं. समोर महिला शिपाई बसवली.

"शिक्का कोनता जी?" नाण्याबद्दल विचारलं तशी ती म्हणाली. "मी त कपाट वरून पुसते. आत काय आहे, मले काय ठाव?"

"किल्ली कुठे असते, माहीत आहे?"

"देवापाशी. सगळ्याइलेच ठाव आहे. मालकीनबाई माह्यासमोरच काढते."

तिने हे लपवलं नाही, याची मी नोंद घेतली. आमच्या एका खबऱ्याने मात्र सकाळीच सांगितलं होतं की गेल्या आठवडी बाजारात ही बाई सोनाराच्या दुकानात शिरताना दिसली, तीही मागच्या दाराने. म्हणून विचारलं, "मागच्या बाजारात कुठे कुठे गेला होतात?"

"भाजी घेतली. मिरची घेतली. घरी आली."

"आणखी कुठे?"

"आनखी कोठी नाही."

तिने पदर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. ती खोटं बोलत होती, हे समजायला पोलीस असण्याची गरज नव्हती. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या लेखी गुन्हा उघड झाला होता.

सोनाराला बोलावलं. तो घाबरून आला. बाईने त्याच्याकडे नाणं आणलं नव्हतं. जुने चांदीचे तोडे आणले होते, वितळवून पोरीसाठी पैंजण करायला. वितळवायचे राहिले होते, तेही त्याने दाखवले.

बाईसमोर तोडे ठेवले तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

"सासूनं मरताना माह्या हाती देले. जाऊले ठाव नाही. तिले समजलं असतं त वाटनी मागतली असती. सासू म्हने, हे नातीच्या पायात पाह्यचे आहेत. म्हून लपवलं, साहेब. तुमी शिक्क्याचं इचारून राहिले, मी तोड्याच्या भेवानं खोटं बोलली."

तिचं म्हणणं खरं वाटलं. पण नाणं कुठे आहे, याचं उत्तर त्यात नव्हतं. मी तिला घरी पाठवलं, पण तिच्यावरचा संशय काही कागदावरून काढला नाही. संशय शेठजींवरही होता. प्रदर्शनात नाक कापलं गेलं म्हणून चोरीचा बनाव करणारे लोक मी पाहिलेले होते. त्यांच्या पत्नीवरही होता. नवऱ्याच्या या नादाबद्दल विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "दिवाळीला साडी घ्यायला वेळ नसतो, पण डब्या पुसायला असतो." एवढ्या रागाचा माणूस नाणं विहिरीतही टाकू शकतो.

नागपूरचे मित्र मात्र रोज फोन करत. "बाईने कबूल केलं का?" "थोडं कडक विचारा साहेब, ही माणसं लवकर बोलत नाहीत." एकदा ते स्वतः ठाण्यात आले, चहा घेतला आणि सहज म्हणाले, "ते नकली नाणं तुमच्याकडे पडून काय करणार? माझ्याकडे द्या, मी ओळखीच्या माणसाकडून तपासून आणतो."

मुद्देमाल असा कोणाच्या हाती देता येत नाही, हे त्यांना सांगितलं. तरी ते पुन्हा म्हणाले, "मग लॅबला पाठवू नका. धातू तर खराच निघेल, उगाच घोळ होईल."

ते गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. चोरी शेठजींच्या घरची, तळमळ याची. आणि या सगळ्या प्रकरणात नाणं खरं कोणतं, खोटं कोणतं, हे आम्हाला सांगणारा माणूसही हाच. ज्याच्या एकट्याच्या शब्दावर तपास उभा आहे, त्याचा शब्द दुसऱ्याकडून तपासायचा, हा माझा नियम होता.

भंडाऱ्याला इतिहासाच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहत. नाण्यांवर त्यांचा अभ्यास होता. रीतसर परवानगी घेऊन, सीलबंद पाकीट पंचांसमोर उघडून, मी नाणं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्म्यावर आणखी एक भिंग लावलं.

"आधी मला सांगा, नाणं कसं पडतं हे तुम्हाला माहीत आहे?"

"छापखान्यासारखं काहीतरी असेल."

"कोरी चकती असते. तिच्या खाली एक ठसा, वर एक ठसा. वरचा जोरात खाली येतो, दोन्हीकडची चित्रं एकदम उमटतात, नाणं बाहेर पडतं. कधीकधी पडलेलं नाणं वरच्या ठशालाच चिकटून राहतं. यंत्राला काय कळणार? पुढची चकती येते. तिच्या खालच्या बाजूला खालचा ठसा बरोबर उमटतो. वरच्या बाजूला ठसा लागतच नाही, चिकटलेलं नाणं लागतं. त्याचं उठावाचं चित्र हिच्या अंगात घुसतं, खोल आणि उलटं. झालं लखी."

"म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र, एक सुलट, एक उलट."

"एकच चित्र आणि एकच ठसा," त्या म्हणाल्या. "हे लक्षात ठेवा. चिकटलेलं नाणंही त्याच खालच्या ठशावर पडलेलं असतं, क्षणभर आधी. आता हे पाहा."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. सुलट बाजूला उजव्या कणसापासून कडेपर्यंत केसासारखी एक बारीक रेघ वर उठलेली होती.

"ठसा वापरून वापरून तडकतो. तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो आणि प्रत्येक नाण्यावर अशी रेघ येते. आता उलटी बाजू बघा. तिथे हीच रेघ खोलगट दिसायला हवी."

मी बराच वेळ पाहिलं. रेघ नव्हती.

"आता सालाचे आकडे. एकाच साली, एकाच टाकसाळीत अनेक ठसे वापरले जातात. दिसायला सारखे, पण आकड्यांतलं अंतर, शेपटीची जाडी यात फरक पडतो. नाद असलेले लोक यावरच जागतात. सुलट बाजूचे आकडे दाटीने बसलेत. उलट बाजूचे विरळ आहेत. दोन वेगळे ठसे. म्हणजे ही टाकसाळीची चूक नाही, माणसाची करामत आहे. एका रुपयाची सिंहांची बाजू घासून सपाट केली आणि दुसरा रुपया त्यावर दाबाखाली ठेवला. वजन करा, कमी भरेल."

सराफी काट्यावर शेजारी त्याच जातीचा साधा रुपया ठेवून पाहिला. नाणं हलकं भरलं.

"इतकी वर्षं शेठजींच्या लक्षात कसं आलं नाही?" मी विचारलं.

"त्यांनी डबी कधी उघडलीच नसेल. उघडली की बरकत बाहेर जाते म्हणतात ना. आणि जे हवंच होतं ते मिळाल्यावर माणूस त्याच्यात खोट शोधत नाही."

नाणं बनावट आहे हे पक्कं झालं. पण मित्राचं म्हणणं तेच होतं. प्रश्न होता, ते बनावट कधीपासून आहे. परतीच्या वाटेवर मी गाडी सरळ शेठजींच्या मिलवर घ्यायला सांगितली.

"शेठजी, हे नाणं विकत घेण्याआधी त्याचा फोटो आला होता का?"

"आला होता. व्हॉट्सॲपवर, दोन्ही बाजूंचा. पण तो फोन बंद पडला साहेब, फोटो गेले."

"तुमच्या मित्राकडे असेल?"

"त्याला विचारलं होतं. तो म्हणतो, आम्ही जुने फोटो ठेवत नाही."

"तुम्ही कुणाला पाठवला होता? एवढा आनंद झाला होता तर कुणाला तरी दाखवला असेल."

शेठजी एकदम थांबले. "मुलीला पाठवला होता. ती म्हणाली, बाबा, हे नाणं की चूक?"

अमरावतीच्या मुलीच्या फोनमध्ये फोटो होता. बापाने पाठवलेलं ती काही पुसत नसे. तिचा जबाब घेतला, फोन पंचनाम्याने ताब्यात घेतला, फोटो मोठा करून काढला. उजव्या कणसापासून कडेपर्यंत बारीक रेघ. सुलट आकडे दाट. उलट बाजू: रेघ नाही, आकडे विरळ, आणि कडेजवळ टाचणीने टोचावं तसा एक खड्डा. मुद्देमालातल्या नाण्यावर तोच खड्डा त्याच जागी होता.

अदलाबदल झालीच नव्हती. शेठजींना विकलं तेच नाणं प्रदर्शनातून परत आलं होतं.

मित्राला मी जाणकार म्हणून ठाण्यात बोलावलं. ते खुशीत आले. मी कागद पुढे ओढला.

"आम्हाला यातलं काही कळत नाही. कोर्टात टिकायला हवं, म्हणून तुम्ही शेठजींना दिलेलं अस्सल नाणं कसं होतं, ते नीट सांगा. बनावट कसं ओळखायचं, तेही."

जाणकार म्हणून विचारलं की माणूस सढळ बोलतो. त्यांनी ठसा, चकती, चिकटलेलं नाणं, सगळं सांगितलं. प्राध्यापिकाबाईंनी सांगितलं होतं तसंच, शब्दही फारसा वेगळा नाही. "मी दिलेल्या नाण्यावर तड्याची रेघ दोन्ही बाजूंना होती साहेब. आकडे दोन्हीकडे जुळत होते. मी स्वतः भिंगाखाली पाहून दिलं. या नकलीत बघा, रेघ एकाच बाजूला आहे." त्यांनी जबाब वाचला आणि झोकदार सही केली.

मग मी फोटो पुढे सरकवला. "हा तुम्हीच पाठवलेला. रेघ दाखवा."

ते फोटोकडे वाकले. भिंग मागितलं. मी दिलं. बाहेर मिलचा पट्टा फटफटत होता.

"फोटो खराब आहे साहेब."

"आकडे तर दिसतात."

"उजेडामुळे होतं असं कधी कधी."

"खड्डाही उजेडाने पडतो का?" मी विचारलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. चेहऱ्यावरचं मोकळेपण गेलं, पण हार मानली नाही. "मलाही कोणीतरी असंच दिलं असेल. मी फसलो असेन."

"आत्ता तर म्हणालात, स्वतः भिंगाखाली पाहून दिलं. सही आहे तुमची."

त्यावर ते वकिलाला फोन करू द्या एवढंच म्हणाले. तो त्यांचा हक्क होता, आम्ही करू दिला. दरम्यान त्यांच्या दुकानाची झडती झाली. मागच्या खोलीत हाताने फिरवायचं दाबयंत्र, खालचं चित्र चेपू नये म्हणून ठेवायचे शिशाचे पत्रे, आणि सिंहांची बाजू घासलेले रुपये. एका डबीत एक साधा रुपया वेगळा ठेवलेला होता. आकडे विरळ. कडेजवळ एक टोक वर उठलेलं, शेठजींच्या नाण्यावरच्या खड्ड्यात अचूक बसेल असं. याच रुपयाने त्यांनी कितीतरी लखी पाडले होते, आणि ते ठिकठिकाणच्या शौकिनांच्या कपाटांत बंद डब्यांतून बसले होते. फसवणुकीचा आणि नाण्यात फेरफार केल्याचा गुन्हा दाखल झाला.

शेठजींना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तो माझ्या मुलीच्या लग्नात मांडवात उभा होता."

"बाईचं काय?" मी विचारलं.

"तिला सांगा, कामावर ये म्हणून."

निरोप हवालदारांनी नेला. बाई कामावर गेली नाही, ती ठाण्यात आली. नवरा बरोबर होता, पण बोलली तीच.

"साहेब, मी चोर नाही असं तुमाले समजलं ना?"

"समजलं. तुमचं नाव गुन्ह्यातून निघालं."

"तुमच्या इथनं निघालं. माह्या गावातून कसं निघन? तुमी गाडी घेऊन गावात आले, समद्याइच्या समोर घर झाडलं. आता माही पोरगी नळावर गेली त बाया भांडे बाजूले सरकवते. नाही चोरलं, हेबी गावातच येऊन सांगा."

हवालदार म्हणाले, "बाई, पोलीस असं सांगत फिरते का कोठी?"

"चोर आहे का, हे इचारत त फिरते ना?"

गावात सकाळी किती वाजता यावं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, मासोळीचा लिलाव होतो तेव्हा समदे पाळीवर असते.

गणवेशात गेलो. शेठजींना मी बोलावलं नव्हतं, तरी ते आले होते, पाळीच्या टोकाला एकटे उभे. ढिवर लोक डोंगे ओढून जाळी सोडवत होते. मी मोठ्याने सांगितलं: चोरी झालीच नव्हती, या बाईचा काही संबंध नव्हता, फसवणारा नागपूरचा होता आणि तो पकडला गेला आहे. तोड्यांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. तिची जाऊ गर्दीत होती.

मग शेठजी पुढे आले. हात जोडून म्हणाले, "बाई, माझं चुकलं. तुझ्याशिवाय मला दुसरं कोणी दिसलंच नाही."

ती मासोळी तोलत होती. तिने पारडं खाली ठेवलं, त्यांच्याकडे पाहिलं. "दिसलं नाही, का पाह्यलं नाही, मालक?" म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "किती देऊ जी?"

ती पुन्हा त्यांच्याकडे कामाला गेली नाही. शेठजींनी पुढे संग्रहातल्या सगळ्या डब्या उघडून नाणी तपासून घेतली, असं ऐकलं. काही खरी निघाली, काही नाही.

पुढे नव्या फौजदारांना शिकवताना मी हे प्रकरण सांगत असे. माणूस काहीतरी लपवतो आहे, एवढं दिसलं की आपण खूश होतो. पण प्रत्येक घरात जावेपासून, भावापासून लपवलेलं काहीतरी असतंच. ते आपल्या गुन्ह्याचं आहे का, हे वेगळं शोधावं लागतं. आणि जो काहीच लपवत नाही, सगळं समजावून सांगतो, आपण कोणाकडे पाहायचं हेही सांगतो, त्याच्याकडे एकदा भिंग लावून पाहावं. तडा दोन्ही बाजूंना आहे का ते बघावं.

पाळीवर जाऊन बोलणं कोणत्या नियमात बसतं, असं एका वरिष्ठांनी मला तेव्हा विचारलं होतं. मी सांगितलं, घरझडती जिथे झाली तिथेच तपास पूर्ण केला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.